पालथी पानं

ब्यूट, मॉन्टाना
मंगळवार, ८ ऑक्टोबर १९९६

प्रिय मिल्का,

अनेक आशीर्वाद. टेसला माझा पापा दे, दहा वर्षांची झाली म्हणून लाजत असली तरी दे.

इकडे सगळं ठीक. बर्फ येणार हे माझ्या गुडघ्याने शनिवारीच सांगितलं होतं. काल डोंगराच्या माथ्यावर पडलं, गावात अजून नुसता गारठा आहे. ॲग्नेसने अक्रोड भरलेला गोड पाव दिलाय, आपली पोवितिसा. तुझ्या आजीच्या हाताची सर त्याला नाही, पण ज्या बाईच्या बारमध्ये दर गुरुवारी दुपारी पत्ते खेळायचे, तिच्या तोंडावर असं बोलायचं नसतं. पत्त्यांतला सोबती सुलो फिनलंडचा असल्याची बढाई अजून मारतो. जन्म इथलाच, दोन गल्ल्या पलीकडचा.

रविवारी फोनवर फार बोलता आलं नाही. फोन कानाला लावला की मला शब्द सापडत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

तू घेतलेला निर्णय बरोबर आहे. टेसच्या बापाकडे, रसेलकडे, घर आहे, टल्सात त्याचे आईवडील आहेत, नोकरी दिवसाची आहे. तुझी हॉस्पिटलमधली नोकरी पाळीची. त्यात तीन वर्षांपूर्वी तू पिऊन गाडी खड्ड्यात घातलीस, ते त्याचा वकील काढणारच. त्यानंतर तू थेंबाला शिवली नाहीस हे मला माहीत आहे, पण जजला कुठे माहीत? भर कोर्टात चिंध्या करून घेऊन हरण्यापेक्षा पुढच्या मंगळवारी वकिलाकडे जाऊन मुकाट्याने सही केलेली बरी. टेस त्याच्याकडे राहील, उन्हाळ्यात महिनाभर तुझ्याकडे येईल. महिना म्हणजे काही थोडा नाही.

तू म्हणालीस, "तूच शिकवलंस ना मला, योसिप. पानं कमकुवत असली की टाकून द्यायची." ऐकून मला बरं वाटलं. तू सात वर्षांची असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपण घेवड्याचे दाणे लावून पोकर खेळायचो. तुला प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळायचा असायचा. हातात सत्ती, दुर्री, काहीही असो, तू दाणे पुढे सरकवायचीस आणि सगळे हरून रडायचीस. तेव्हा मी म्हणायचो, दहातले सात डाव टाकायचे असतात. टाकणारा भित्रा नसतो, पुढच्या डावासाठी दाणे राखून ठेवत असतो. ही गोष्ट खरी आहे. ॲग्नेसच्या टेबलावर बसलेली कितीतरी माणसं उठून गेली, काहींची घरं गेली. मी अजून बसलोय तो टाकण्याच्या जोरावर. सगळे मला 'तिजोरी' म्हणतात. म्हणू देत.

टेसला काही विचारायचं नाही म्हणालीस, तेही ठीक. "मी नऊ वर्षांची असताना जजला चिठ्ठी लिहिली होती, त्यांनी वाचली, काय उपयोग झाला?" असं तू म्हणालीस. त्यावर मी हं म्हणालो. नाहीच झाला उपयोग. एकदा नाही झाला, तर आता या पोरीच्या जिवाला कशाला घोर? माझ्याही हातात तेव्हा काही नव्हतं. खाणीत संप, भाड्याच्या दोन खोल्या. टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

जेवत जा वेळेवर. आवाज खोल गेला होता तुझा.

तुझा,
योसिप

◆

ब्यूट
शुक्रवार, ११ ऑक्टोबर

प्रिय मिल्का,

आशीर्वाद. मागच्या पत्राची शाई वाळली नसेल तोवर हे दुसरं. पहिलं पोचलं असेल तर फाडून टाक. नको, ठेव. दोन्ही शेजारी ठेवून वाच.

काल गुरुवार होता. बारच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. ॲग्नेसने पानं वाटली. मी दोन बदलून घेतली आणि हातात बघितलं. समोरून सुलोने पैशांच्या चकत्यांचा ढीग असा धाडकन पुढे लोटला की कॉफी सांडली. म्हणाला, "बोल, तिजोरी. उघडतोस का किल्ली हरवली?"

मी पानं टाकली.

आता तुला माहीत आहे, टाकलेली पानं पालथीच टाकायची आणि ती कोणी म्हणजे कोणी उलटून बघायची नाहीत. तिशीतला एक रेल्वेवाला होता. त्याने एकदा शेजाऱ्याची टाकलेली पानं बोटाने उचलून बघितली. ॲग्नेसच्या नवऱ्याने त्याला कोटासकट बाहेर काढलं, पुन्हा कधी बसू दिलं नाही. आमच्याकडे हा नियम देवळातल्यासारखा पाळतात. पण माझ्या डाव्या हाताची दोन बोटं खाणीतल्या त्या अपघातापासून वळत नाहीत. पानं सरकवताना निसटली आणि टेबलाच्या मधोमध सुलटी पडली.

तीन राण्या. बदाम, किलवर, इस्पिक.

 ॲग्नेसने झटकन पानांवर हात ठेवला, एखाद्याचं उघडं अंग झाकावं तसा. पण दिसायचं ते दिसलं होतं. सुलोने आपली पानं उलटी केली. दश्शीची जोडी. एवढ्यावर त्याने ढीग लोटला होता.

"योसिप," तो म्हणाला, "बत्तीस वर्षं तू हेच टाकत आलायस?"

"डोळे गेले रे. नीट दिसलं नाही," मी म्हणालो.

"चष्मा आहे तुझ्या नाकावर."

"सोड ना, सुलो," ॲग्नेस म्हणाली.

"का सोडू? याच्यापुढे आवाज चढवला की हा टाकतो, मला पंचवीस वर्षांपूर्वीच कळलंय. मी समजत होतो की निदान फालतू पानं टाकतो. तीन राण्या! अरे, तीन राण्या घेऊन माणूस लग्नसुद्धा मोडतो!"

सगळे हसले. मीही हसलो. मग कोट घेतला आणि निघालो. घरापर्यंत चढ आहे, मध्ये दोनदा थांबलो. गुडघ्यामुळे नाही.

मिल्का, मी राण्या नीट पाहिल्या होत्या. तीन आहेत हे मला माहीत होतं. सुलो थापा मारतोय हेही माहीत होतं. त्याने ढीग लोटला. हात आपोआप पुढे गेला. आणि पालथी पानं कोणी बघत नाही म्हणून मी आजवर शहाणा ठरलो.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी सकाळपासून तीन वेळा पेन खाली ठेवलंय. भांडी घासली. जिना झाडला. कालच्या पावाचे तुकडे पक्ष्यांना घातले.

तुझी चिठ्ठी जजने वाचली नाही. मी ती त्यांना दिलीच नाही.

नोव्हेंबर १९६७, गुरुवारची सकाळ. कोर्टाच्या व्हरांड्यात मी आणि माझा वकील, तो चिरुटाचा वास येणारा म्हातारा. समोरच्या बाकावर तुझी आई, लिओना, नवीन हॅट घालून. आमचं लग्न मोडलेलंच होतं, ती स्पोकेनला जाणार होती. प्रश्न एवढाच होता की तू कोणाकडे राहणार. वकिलाने तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा पुसला. म्हणाला, "स्तानिच, हिची आई ज्या तऱ्हेने घर सोडून गेली ते, आणि हा कागद. हे जज बाजूला ठेवणार नाहीत. बहुतेक मुलगी तुझ्याकडे येईल."

मी तुला नेहमी सांगितलं की हातात काही नव्हतं. संप होता हे खरं. खोल्या दोनच होत्या हेही खरं. पण माझ्या हातात काय होतं ते बघ, मी ते सोबत पाठवतोय. माझ्या युनियनच्या पुस्तकात एकोणतीस वर्षं ठेवलंय. घडीवर फाटलंय, जपून उघड. तुझंच अक्षर आहे:

"जजसाहेब, मला बाबांकडे राहायचं आहे. बाबा अंडी करपवतात पण मी त्यांना शिकवीन. वेणी माझी मी घालते. मी आजारी पडत नाही. मिल्का स्तानिच, इयत्ता चौथी."

हे घेऊन मी त्या बाकावर बसलो होतो. आतून शिपायाने नाव पुकारलं. लिओना उठली, तिचा भाऊ उठला, दोघांचे बूट फरशीवर वाजले. आणि मी मनात तिथेच पानं टाकली. मी हरण्याला घाबरलो नव्हतो गं. हरायची मला सवय होती. मी घाबरलो ते जिंकण्याला. जिंकलो तर? संध्याकाळी ही नऊ वर्षांची पोर माझ्या घरी असेल, उद्याही असेल. ताप आला तर, मोठी झाली तर, तिला आईची आठवण आली तर मी काय करणार? मी खाणीतला माणूस. मला सुरुंग लावता येतो, मुलीशी बोलता येत नाही. मी तुझी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि वकिलाला म्हणालो, "जाऊ दे. आणा तो कागद, सही करतो."

तो म्हणाला, "शुद्धीवर आहेस का?" मी सही केली.

बाहेर तू पायऱ्यांवर बसली होतीस, लाल टोपी घालून. तू विचारलंस, "बाबा, जजनी वाचलं का?"

मी म्हणालो, "वाचलं, बाळा. पण उपयोग झाला नाही."

त्या दिवसापासून तू मला योसिप म्हणतेस. मी कधी विचारलं नाही का ते. विचारायची गरजच नव्हती.

आणि त्या दुपारी मी कुठे गेलो, तेही लिहितो, आता काय राहिलंय. गुरुवार होता. मी पत्ते खेळायला गेलो. सुलोने खांद्यावर हात ठेवला, मी म्हणालो, "हातात काहीच नव्हतं रे." सगळ्यांनी मान हलवली. आमच्यात टाकलेली पानं दाखव असं कोणी म्हणत नाही.

मी हे मन हलकं करायला लिहीत नाहीये. मनाचं काय ते मी बघेन. मंगळवारी तू सही करणार आहेस म्हणून लिहितोय. रविवारी तू म्हणालीस की मुलांच्या म्हणण्याला कोणी विचारत नाही, म्हणून टेसला विचारलं नाही. ते तू माझ्याकडून शिकलीस आणि ते धादांत खोटं आहे. कोणी विचारणारच नव्हतं असं नव्हतं. विचारलं गेलं असतं, मीच मध्ये उभा राहिलो.

कमकुवत पानं टाकावीत, हे मी आजही सांगेन. पण टाकण्याआधी बघावं लागतं की कमकुवत कोण आहे, पानं की आपण. तीन वर्षं तू दारूला शिवली नाहीस. तुझे वरिष्ठ तुझ्या बाजूने दोन शब्द लिहून देतील. टेस रोज तुझ्या हातचं खाऊन शाळेत जाते. रसेलने ढीग मोठा लोटलाय, एवढंच. त्याच्या हातात काय आहे ते तू पाहिलंस का?

सही करू नकोस. आधी पोरीला विचार.

हे उद्या सकाळी पेटीत टाकतो, सोमवारी मिळेल.

योसिप

◆

मिसूला, बसस्टँड
सोमवार, २१ ऑक्टोबर

मिल्का,

तुझ्याकडे येणारी ही बस इथे चाळीस मिनिटं थांबते. कॉफी घेतलीय, पचपचीत आहे. बाकावर शेजारी एक बाई पेटीतल्या तिच्या मांजराला सँडविच भरवतेय. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. खिशात आहे, हाताने देईन.

तुझ्या चार ओळी शनिवारी मिळाल्या. "तुझं पत्र बुधवारी आलं. मी मंगळवारी सही केली. जज पुढच्या मंगळवारी साडेनवाला शिक्का मारतील, तोवर मागे घेता येतं म्हणतात, पण माझ्यात आता त्राण नाही. योसिप, फोन नाही का करता आला?"

सोमवारी टपालाला सुट्टी होती. कोलंबसाचा दिवस. हे मी विसरलो, असं मला लिहायचं होतं. कागद घेतलाही होता. मग भिंतीकडे पाहिलं. फोन टेबलापासून तीन पावलांवर आहे. मी एकेक शब्द खोडून, जिना झाडून, पक्ष्यांना खायला घालून चार पानं लिहिली, पण ती तीन पावलं चाललो नाही. कारण फोनवर तू लगेच काहीतरी बोलली असतीस आणि मला ते ऐकावं लागलं असतं. पत्र टाकलं की माणूस मोकळा. म्हणजे तुझी चिठ्ठी दाबल्याची कबुलीसुद्धा मी पालथीच सरकवली. मंगळवारी तू ज्या वेळी सही करत होतीस, त्या वेळी मी घरी बसून स्वतःवर खूश होतो की चला, सांगून टाकलं एकदाचं.

याची माफी मी मागत नाही, कारण तू देशील अशी भीती वाटते.

शनिवारी तुझी चिठ्ठी वाचून लगेच फोन लावला. टेसने घेतला.

"आई झोपलीय, आजोबा. काल तिची रात्रपाळी होती. उठवू?"

"नको. तू काय करतेयस?"

"खोकी भरतेय. पुस्तकांचं खोकं इतकं जड झालंय की हलतच नाही. टल्सात बर्फ पडतं का?"

"कमी पडतं म्हणतात."

"मग माझे बूट आईकडेच ठेवते."  मग म्हणाली, "आजोबा, एक विचारू? मी आईला म्हटलं, मला कुठे राहायचंय ते मी जजना सांगू का? तर ती म्हणाली की उपयोग नसतो, तिने लहानपणी सांगून पाहिलं होतं. खरंच नसतो का?"

मिल्का, एकाहत्तर वर्षांत माझ्यावर छत कोसळलंय, पाण्यात अडकलोय, पण भिंतीला असा कधी टेकलो नव्हतो.

मी म्हणालो, "नाही गं. तिने सांगितलेलं कोणी ऐकलंच नाही, कारण मी ते पोचू दिलं नाही. तुझ्या आईची काही चूक नाही. मी तिच्याशी खोटं बोललो होतो."

"का?"

"घाबरलो होतो."

"कशाला?"

"तिला."

ती हसली. म्हणाली, "आईला? ती तर केवढीशी होती!"  फोन ठेवला नाही, मीही नाही. पलीकडून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत राहिला.

तिला कुठे राहायचंय ते मी विचारलं नाही. मी विचारायचा प्रश्न नाही तो. पण ती तुला विचारायला आली होती, मिल्का. नऊ वर्षांची असताना तू जशी माझ्याकडे आली होतीस, तशीच. आणि तू तिला माझंच उत्तर दिलंस, शब्दाला शब्द. माझ्याकडून तुला दुसरं काही मिळालं नाही, हे मिळालं.

सुलोला सांगितलं मी जातोय म्हणून. तो म्हणाला, "गुरुवारी परत येशील ना?" मी म्हणालो, माहीत नाही. त्याने माझी पिशवी बसमध्ये चढवली आणि उतरताना म्हणाला, "ती ओरडेल तुझ्यावर." मी म्हणालो, ओरडू दे. "मग तू टाकशील."  तो म्हातारा मला फार ओळखतो.

तू सही मागे घेतलीस तरी जिंकशीलच असं मी म्हणत नाही. त्या गाडीचं निघेल. तुझ्या पाळ्यांचं निघेल. कदाचित टेस जाईलच, आणि तुला वर चार गोष्टी ऐकाव्या लागतील. पण मग ती बाई झाल्यावर, अडतिसाव्या वर्षी, कोणाला फोन करून असं म्हणणार नाही की मला कोणी मागितलंच नव्हतं. तू ते एकोणतीस वर्षं मनात धरून बसलीस. मी तुला मागितलं असतं तर हरूनही तू मला बाबाच म्हणत राहिली असतीस. त्या व्हरांड्यात मला हे समजलं नाही. समजायला हवं होतं.

तुला नको असेन तर तसं सांग, मी समोरच्या फुटपाथवर उभा राहीन. पण परत फिरणार नाही. उद्या सकाळी साडेआठपासून कोर्टाच्या पायऱ्यांवर असेन. जजनी काही विचारलं तर १९६७ सालचं सगळं सांगेन, माझ्या नावानिशी. काही विचारलं नाही तर नुसता बसेन.

ड्रायव्हरने भोंगा दिला. मांजरवाली बाई चढलीसुद्धा.

एकच सांगायचं राहिलं. टेसने काही लिहून दिलं, तर ते सांभाळायला म्हणून माझ्याकडे देऊ नकोस. क्षणभरासाठीसुद्धा नको. तुझ्या स्वतःच्या हाताने आत घेऊन जा.

येतोय.

तुझा,
तू म्हण की नको म्हणू,
बाबा